तीन जुव्यांचं टाइमटेबल

पन्नास सालाच्या आगेमागे माझं पोस्टिंग कल्याणजवळच्या कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलात होतं. हुद्दा लेफ्टनंट, काम नर्सचं, वय चोवीस. अक्कल नौपाड्याच्या घरी विसरून आलेली.

खाडीतल्या तीन जुव्यांवर, म्हणजे छोट्या बेटांवर, पटकी आली. ऑर्डर निघाली : सात दिवस रोज जाऊन टोचायचं, गरज पडेल तिथे सलाइन लावायचं.

पहिल्या दिवशी ०८०० ला कल्याणच्या धक्क्यावरून निघालो. भरती लागलेली, होडी झोकात गेली. परत येताच मी सातही दिवसांचं टाइमटेबल टाइप करून घेतलं. रोज ०८००. सीओंची सही झाली. मला कोण अभिमान!

होडीवाला हसुराम, पन्नाशीचा आगरी, धाकट्या जुव्यावरचा. आर्मीने रोजंदारीवर घेतलेला. टाइमटेबल ऐकून म्हणाला, "बाय, पानी रोज दोन घटका उशिरा येतं. तिथी बघून निघायचा."

"ऑर्डर झाली आहे, हसुराम."

"पान्याला कलवलीस?"

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होडी बांबूने रेटत नेली. वर ह्याची बडबड. तिवरं नंतर आली, आधी इथं भात पिकायचा, आज्याने बांध घातला. मी वैतागून म्हटलं, "हसुराम, वल्हवा." रजिस्टरात शेरा मारला : 'होडीवाला बोलका.'

चौथ्या दिवशी ०८३० ला होडी चिखलात बसली. धाकटं जुवं दोन फर्लांगांवर. तिथे पाच वर्षांची चांगुणा. आदल्या दिवशी शेवटची बाटली तिला लावून आले होते, नाडी जेमतेम लागत होती. नव्या बाटल्या आमच्या होडीत.

"पाणी कधी येईल?"

"आज पुनव. पुनवेची ओहटी मोठी, सगला खुला पडलाय. अकराला येल."

अकरापर्यंत ती पोर टिकणार नव्हती. मी त्याच्यावरच खेकसले, "आधी का नाही सांगितलंत?"

त्याने बाटल्यांची पेटी डोक्यावर घेतली, अनवाणी उतरला. मी मागोमाग उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक बूट अजून तिथेच असेल. पेटी काठावर ठेवून तो परत आला आणि मला मिठाच्या गोणीसारखं पाठीवर टाकलं. दोन्ही बाजूंना निवट्या मासे टणाटण उड्या मारत होते. मला तर ते हसतच होते असं वाटलं.

पाठीवरूनही इतिहास सुटला नाही. "हा आज्याचा बांध, बाय. तीन जुवी नव्हती, एकच शेत होता. बांध फुटला, दर्या आत शिरला, तीन झाली."

त्या बांधाच्या दगडांवर आता कालवं, म्हणजे शिंपले, चिकटली होती, पात्यासारख्या धारेची.

०९१५ ला सलाइन लागलं. दुपारी चांगुणाने पेज मागितली.

हसुरामच्या पायाचा तळवा चिरला होता. म्हटलं, "दाखवा."

"कालवाचा हाय. रोजचाच."

मी पुन्हा विचारलं नाही. धनुर्वाताचं सीरम पेटीतच होतं. मी रिपोर्ट लिहीत बसले होते : 'विलंबाचे कारण : पाणी वेळेवर आले नाही.'

तळवा चिरल्याच्या पाचव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. कॅम्पात आणला, सीरम दिलं. उशीर झाला होता.

ड्यूटीवर असताना वारलेल्यांची नावं कॅम्पातल्या फळ्यावर रंगवलेली असत. हसुराम त्यात नाही. रोजंदारीवाल्यांची नावं रंगवत नसत. म्हणून इथे लिहिते. तो गेला ती वद्य अष्टमी.

तारीख मला आठवत नाही.