नारळ फुटल्यावर वाऱ्याचं बोलू नये

शुक्रवारी संध्याकाळी मला कुणी वाऱ्याचं विचारलं की आता माझं टाळकं सणकतं. पूर्वी हेच काम मी इतक्या हौसेनं करायचो की बायको म्हणायची, जेवणाचं ताट गार झालं तरी चालंल, पण ह्या माणसाचं वारं गार होता कामा नये.

गोदावरीच्या फुगवट्यावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या मागं ते अफाट पाणी पसरलंय ना, तिथं आमची एक टोळी शिडाच्या फळ्या चालवते. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. आम्ही नुसतं फळी म्हणतो. फळीवर उभं राहायचं, तिच्यावरचं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारं नेईल तिकडं न जाता आपल्याला पाहिजे तिकडं वाऱ्याला न्यायला लावायचं. पुण्याचे पाहुणे आले की नाक मुरडून विचारतात, "मराठवाड्यात हे कसले शौक?" अरे बाबांनो, पाणी हाय, वारं हाय, आमचे हातपाय धड हायेत. शौक करायला काय समुद्राचा दाखला लागतो का?

ही फळी इथं मी आणली. वीज खात्यात नोकरीला असताना एकदा प्रशिक्षणासाठी समुद्रकाठच्या गावी गेलो होतो, तिथं बघितली, पडत-झडत शिकलो आणि येताना एक जुनी फळी टेम्पोत घालून शहरात, गारखेड्याच्या घरी आणली. कॉलनीतल्या लोकांना वाटलं, इस्त्रीचं टेबल आणलं. मग मेहुण्याला शिकवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बोलका, हसरा, चार माणसं गोळा करणारा. मी माणसं तोडणारा. त्यामुळं टोळी झाली ती त्याची. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर नंतर वाटलं, आणि लई वाटलं.

माझा खांदा दोनदा निखळला आणि डॉक्टरांनी शीड धरायला बंदी केली. तेव्हापासून मी वारं धरलं. दर शुक्रवारी दुपारी गाडी काढायची, पैठण रोडनं फुगवट्याच्या काठावर जायचं, पाणी बघायचं, ढग बघायचे, परत यायचं आणि संध्याकाळी ग्रुपवर शनिवार-रविवारचा अंदाज टाकायचा. लोक म्हणायचे, दाजी, फोनमध्ये सगळं दिसतंय की, कशाला पेट्रोल जाळता? आता यांना कोण सांगणार. शहराच्या नावानं विचारलं की फोन चिकलठाण्याचं वारं सांगतो. विमानतळाच्या मोकळ्या माळावरचं. आमचं पाणी तिथून कितीतरी लांब आणि खाली. आमच्यातला प्रत्येक नवा माणूस ही चूक एकदा तरी करतोच. घरून वारं बघून मोठं शीड घेऊन येतो आणि काठावर बसून भेळ खाऊन जातो. नाहीतर लहान शीड आणतो आणि पाण्यात रडकुंडीला येतो.

माझा अंदाज साधा असायचा. "शनिवारी सकाळी वारं नाय, झोपा काढा. दुपारून पश्चिमेचं, शीड चांगलं भरंल. नवख्यांनी काठ सोडू नये." असा निरोप गेला की अंगठ्यांचा नुसता पाऊस. पण "येऊ नका" असं लिहिलं की ग्रुपवर सुतक. मेहुणा तर सगळ्यांदेखत म्हणायचा, "शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं की आमचे दाजी म्हणतात मांडवाला आग लागली!" सगळे फिदीफिदी हसायचे. मीही हसायचो. मेहुणा-दाजीचं नातंच चेष्टेचं, तिथं रागावून कसं चालंल.

आता नारळाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. पाण्यात उतरण्याआधी गोदामाईला नारळ फोडायचा, ही पद्धत मीच पाडली. पण नियम मेहुण्यानं जोडला. एकदा नारळ फोडल्यावर कुणीतरी गमतीत बोलून गेलं, आज एखादा बुडतोय बघा, आणि त्याच दिवशी एक जण खरोखर गटांगळ्या खाऊन वर आला. तेव्हापासून ठरलं की नारळ फुटल्यावर वाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, मोडता घालायचा नाही. मला हे मान्य होतं. कारण क्रम पक्का होता. आधी मी काठावर उभं राहून वारं सांगायचं, मग सगळ्यांनी ठरवायचं, मग नारळ. घरी परत जायचं ठरलं तर नारळही परत जायचा. माझ्या बोलण्याला तेवढी जागा होती आणि मला तेवढीच पुरत होती.

माझी मुलगी फळी शिकली ती मामाकडून. माझा खांदा असा, मी कुठून शिकवणार? एकुलती एक पोर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. फळीवर उभी राहिली की असं वाटायचं, हिला जमिनीवर चालायला उगाच शिकवलं. तिचा तोल बघून मेहुणा म्हणायचा, "दाजी, ही माझ्यावर गेलीय." घ्या! पोर माझी, फळी माझी आणि गेली कुणावर तर मामावर. पण ती पाण्यात असली की माझा जीव तिच्या शिडाला टांगलेला असायचा. तिचं पिवळं शीड सोडून मला दुसरं काही दिसायचं नाही. बाकीचे बुडोत की तरोत. वाऱ्याचा अंदाज मी सगळ्यांना सांगायचो, पण काढायचो तिच्यासाठी.

एका मे महिन्यात मेहुण्यानं काठावर मोठा कार्यक्रम ठेवला. मांडव, खुर्च्या, माईक, हार-तुरे, मान्यवर. मान्यवरांना दुपारी फळ्या दाखवायच्या, फोटो काढायचे, म्हणजे पुढं टोळीला काठावर कायमची जागा मिळंल, असा त्याचा हिशोब. शुक्रवारी मी पाणी बघून आलो आणि निरोप टाकला. "रविवारी दुपारून वळवाचं लक्षण आहे. जेवणाच्या आत फळ्या बाहेर काढा. पश्चिमेचं वारं एकदम पडलं तर क्षणभरही थांबू नका, ढगाच्या बाजूनं उलटं येतं."

लगेच फोन. "दाजी, तेवढा मेसेज काढा. पाहुणे तीनला येणार हायेत."

"मग पाहुण्यांना सकाळी बोलाव."

"असं कुठं असतंय का? जरा समजून घ्या ना, यार."

मी निरोप काढला नाही. त्यानं पुढं वाद घातला नाही. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

रविवारी मी आणि मुलगी काठावर पोचलो तर मेहुणा ताट घेऊन सामोरा आला. ताटात खोबऱ्याचे तुकडे, साखर. "घ्या दाजी, प्रसाद घ्या. पहाटेच फोडला." आणि हसला. सगळी टोळी माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर मी अपशकुनी. खोबरं तोंडात घातलं. इतकं कडू खोबरं मी जन्मात खाल्लं नाही, आणि नारळ चांगला होता.

मुलीला बाजूला घेऊन म्हणालो, "तू दुपारी उतरू नको."

"पप्पा, नारळ फुटलाय," ती कुजबुजली. "आणि मामानं माझं नाव पहिलं ठेवलंय."

दुपारी पाहुणे आले. भाषणं झाली. फळ्या पाण्यात गेल्या, पिवळं शीड सगळ्यांच्या पुढं. मी मांडवाच्या कडेला उभा. आणि वारं पडलं. पडलं म्हणजे कसं, तर मांडवाची झालर फडफडत होती ती लोंबकळली. सगळी शिडं ओल्या कपड्यासारखी झाली. लोकांना बरं वाटलं, कुणीतरी म्हणालं, चला, आता फोटो नीट येतील. मी पाहुण्यांच्या टेबलावरचं लाल कापड ओढलं, त्यावरचे पाण्याचे ग्लास खाली गेले, आणि पाण्याच्या कडेला धावत जाऊन ते कापड हलवत बोंबललो, "बाहेर या! बाहेर या गं!"

मागून माईकवर मेहुण्याचा आवाज आला. "दाजींकडं लक्ष देऊ नका. सगळ्यांनी जागेवरच थांबा. वारं येतंय."

वारं आलंच. ढगाखालून, उलट्या बाजूनं, धूळ आणि पाणी एकत्र घेऊन. मांडव उठला. खुर्च्या पळाल्या. पाण्यावर शिडं एकेक करून आडवी झाली आणि मग काही दिसेना. जी एक मोटरबोट मदतीला ठेवली होती, ती दोन मान्यवरांना घेऊन फोटोसाठी लांब गेली होती. मी पाण्यात शिरलो तर लोकांनी मला माझ्या वाईट खांद्यालाच धरून ओढलं. मी त्यांना काय काय शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

तिला मासेमारांनी त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर घालून आणलं. अंगातल्या जाकिटामुळं ती तरली. शिडाचा दांडा कोपरावर बसला होता. हात भलत्याच ठिकाणी वळलेला. बाकीचे सगळे चिखलानं भरून, खरचटून, पण धड परत आले.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, दाजी, तुमचं खरं होतं. दवाखान्याच्या बाकावर मेहुणा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दाजी. वळवाचं काय सांगता येतंय का?" मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." तर बायको फणकारली. "तेच तर म्हणते मी. वास्तू तथास्तु म्हणती. नारळ फुटल्यावर कशाला बोंबललात?" ती त्याची बहीण, हे मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसलं.

मुलगी शुद्धीवर होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मामा थांब म्हणत होता आणि तुम्ही कापड हलवत होतात. मी तुमच्याकडं बघायला वळले आणि तेवढ्यात शीड अंगावर आलं."

ती तक्रार करत नव्हती. नुसतं कसं झालं ते सांगत होती. पण घरात, नात्यात, टोळीत हे वाक्य असं फिरलं की वर्षभरात सगळ्यांना पाठ झालं. दाजींनी हाक मारली आणि पोर पडली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. वळीव कुणी आणला, तर दाजींनी.

तिचा हात बरा झाला, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती म्हणाली, मला परत उतरायचंय. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मग मामाबरोबर जाते. मी गेलो मुकाट्यानं. शुक्रवारी मी पाणी बघून आलो होतो आणि मला ते आवडलं नव्हतं. ढग तसेच, उकाडा तसाच.

काठावर सगळी टोळी जमलेली. मेहुण्यानं सगळ्यांना गप्प केलं. "यंदा नारळ आमच्या दाजींच्या हातानं!" टाळ्या वाजल्या. माझ्या मुलीनंच नारळ पुढं केला, त्या न सरळ होणाऱ्या हातानं. काय डोकं चालवलंय बघा. जो नारळ फोडणार, तो वाईट कसा बोलणार?

मी नारळ घेतला आणि म्हणालो, "आधी वारं."

"अवो दाजी," मेहुणा हसत म्हणाला, "माणसानं मान दिला की घ्यावा."

"मान दुसऱ्याला दे. आज दुपारून वळवाचं लक्षण हाय." आणि नारळ माझ्या पिशवीत टाकला.

मेहुणा शांतपणे गाडीकडं गेला, डिकी उघडली आणि दुसरा नारळ काढला. आणूनच ठेवला होता त्यानं. मला किती ओळखत होता! फट्कन फोडला आणि मुलगी फळी घेऊन पाण्यात गेली.

त्या दिवशी वारं दिवसभर पश्चिमेचं, एका लयीत वाहिलं. असं वारं मी फळीवर होतो तेव्हा मला कधी मिळालं नाही. ढग आले तसे निघून गेले. पिवळं शीड इकडून तिकडं, तिकडून इकडं. जाता-येता एकेक जण ओरडून विचारायचा, "दाजी, तुमचा वळीव कुठं अडकला? तिकडं लांब पिशोरला का?" माझी पोरगीपण हसली. लांबून दिसलं मला.

मी दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आणि मी मनात म्हणालो, पडू दे वारं. एकदाच पडू दे. जिरू दे ह्यांची. पाण्यावर कोण होतं ते मला दिसत होतं, पिवळं शीड समोर होतं, तरी मी म्हणालो. वारं नाही पडलं. ते ज्यानं पडू दिलं नाही त्याचे उपकार, पण मी तसा माणूस नव्हतो. यांनी मला तसा केला.

पिशवीतल्या नारळाची बायकोनं चटणी केली. पुढच्या शुक्रवारी मुलगी जेवता जेवता सहज म्हणाली, "पप्पा, रविवारचं वारं कसंय?"

"फोनमध्ये बघ," मी म्हणालो.

फोन चिकलठाण्याचं वारं सांगतो, हे तिला मीच शिकवलं होतं. तिनं घास हातात तसाच धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी चटणी वाढून घेतली.