चाळीसच्या वर नाही

मिल बंद पडली आणि आमच्या ह्यांच्या हाताला कामच उरलं नाही. वीस वर्षं फिटर होते. मशीनवर नुसता तळवा ठेवला की कुठे काय ढिलं आहे ते सांगायचे. घरी बसून मिक्सरवर हात ठेवायला लागले, तेव्हा नवी मोटरसायकल आणतो म्हणाले. मी म्हटलं, आणा बापडे.

शोरूमवाल्याने बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, इंजिन रुळायला हवं. झालं! ते इंजिन ह्यांनी असं जपलं, की मला नवी सून असताना कुणी जपलं नव्हतं.

त्यातच मला तीस किलोमीटरवरच्या सांवेरच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. बरोब्बर अकरा वाजता. घरात पगार कुणाचाच नव्हता, तेव्हा ही नोकरी लागायलाच हवी होती. बसने जाते म्हटलं तर हे रुसले. "दारात गाडी असताना?"

निघालो आमच्या स्नेहलतागंजातून. गावाबाहेर हँडल जरा थरथरलं, की हे गाडी बाजूला घेणार, टाकीवर हात ठेवून डोळे मिटणार.

"अहो, साडेदहा वाजले!"

"थांब गं, तापलीय ती."

एका ट्रॅक्टरला आम्ही मागे टाकायचं, मग थांबायचं, की तो पुढे. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टरवाला ओरडला, "भिया, बिगड़ गई क्या?"

"नहीं, नई है!" हे छाती फुगवून.

मी पदर खोचला आणि चढले ट्रॅक्टरवर.

"अगं, उतर! लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या! तुम्ही या सावकाश!"

त्या ट्रॅक्टरने असं हलवलं, की शाळेत नाव सांगतानाही माझा आवाज कापत होता. हेडमास्तरांना वाटलं, बाई घाबरल्या. पाणी दिलं, धीर दिला, आणि नोकरीही दिली.

बाहेर येते तो हे फाटकाशी पोचत होते. "काय झालं?"

"लागली. सोमवारपासून यायचंय."

ह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जाऊन-येऊन रोज साठ! सतरा दिवसांत हजार पुरे!"

"मी नाही हं बसणार मागे."

"तू कशाला? डबल सीटचा लोड नकोच तिला."

मग काय, मी बसमध्ये आणि मागून हे, रिकाम्या गाडीवर. बस फाट्या-फाट्यावर थांबायची, म्हणून गाठायचे. चार दिवसांनी कंडक्टर हळूच म्हणाला, "मैडम, ये आदमी रोज पीछे आता है. पुलिस को बोलूँ क्या?"

म्हटलं, "रहने दो भैया, हज़ार पूरे होने तक."