अक्काची पेनल्टी

जर्मनीतल्या बायकांच्या अव्वल फुटबॉल लीगचा हा अख्खा हंगाम मी आणि माझी थोरली बहीण अक्का, दोघांनी मोबाईलवर बघितला. काल शेवटच्या सामन्यात एकीनं डाव्या पायानं कोपऱ्यात असा बॉल हाणला की गोलकीपर पुरी झेपावली तरी तो जाळ्यात! अक्का ओरडत उभीच राहिली, आणि मी थेट तालमीमागच्या मैदानावर, चाळीसेक वर्षं मागं.

तोंडात लाल माती, कानात हलगी. पेठेतली पोरं ओरडत होती, "पोरीला काय जमतंय?" अनवाणी अक्कानं परकर खोचला आणि पेनल्टी मारली. गोलात मी होतो. बॉल कानाजवळून सूं करून गेला. पोरं मला हसायला लागली तसा मी म्हणालो, "बहीण हाय, मुद्दाम सोडला की!" अक्का पुन्हा कधी मैदानावर आली नाही. मी मात्र तेच लग्नाकार्यात चवीनं सांगत राहिलो.

काल राहवलं नाही. "अक्का, मी सोडला न्हवता. जीव काढून उडी मारलेली."

"मला तवाच कळलं हुतं," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "गप बस आता, गोल परत दावाय लागल्यात."