पहिला नग

माझा थोरला भाऊ आकुर्डीच्या कंपनीत इन्स्पेक्टर होता आणि मी त्याच्याच खात्यात लेथवर. दादाची नजर अशी, की डासाचा एक पाय केसभर आखूड निघाला असता तर त्यानं तो डास रिजेक्ट केला असता. वहिनीची भाकरीसुद्धा तो ताटात एकदा फिरवून बघायचा आणि मगच मोडायचा.

लेथवरचा पहिला नग मापात आला की आम्ही बिड्या काढायचो. तेवढ्यात हा हजर. "थांबा राव. मशीन थंड हाय अजून. गरम झालं की माप सरकतंय." मग ट्रेवर खडूनं लिहायचा, 'परत बघणे'.

एका पहिल्या शिफ्टला त्याच्या छातीत कळ आली. घाम असा फुटला, की खाली बादली लावली असती तर अख्ख्या खात्याच्या मशीनी गार ठेवायला कूलंट पुरलं असतं. कंपनीच्या गाडीतनं आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "कार्डिओग्रामवर नीट कळत नाही. रक्तातलं एन्झाइम बघू. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं." रक्त घेतलं ते एवढंसं, ढेकणाची न्याहारी झाली नसती. पण दादाचा चेहरा असा, जणू आमच्या सगळ्या कुरुळी गावाला विहीर भरून दिली.

दुपारी रिपोर्ट आला, नॉर्मल.

"पास," म्हणत दादा चपला शोधायला लागला.

"अहो, थांबा. रक्त घेतलं ते कळ आल्या आल्या. एन्झाइम चढायला वेळ लागतो. आज इथंच पडून राहा, उद्या सकाळी परत बघू."

"डॉक्टरसाहेब, मी इन्स्पेक्टर हाय. पास म्हंजी पास. पित्ताची कळ व्हती ती."

"तुम्ही इन्स्पेक्टर कंपनीत. इथं मी."

"मग रिपोर्ट तुमच्याच खात्याचा न्हवं का?"

मला हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही. सारा जन्म थंड मशीनवर भरवसा न ठेवणारा माझा भाऊ पहिल्या नगावर पास होऊन घरी आला.

वहिनीनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळल्या तरी ठसका आला नाही. "बघा, दृष्टच व्हती," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात मी रंगात आलो होतो. दादाच्या छातीवर यंत्र लावलं तर यंत्रालाच धाप लागली, रक्त काढताना सुई वाकली, आता डॉक्टर ते रक्त पैलवानांना थेंब-थेंब पाजणार आहेत. माणसं खिदळत होती. तेवढ्यात शेजारचे आबा धापा टाकत आले.

"चल लवकर. दादा मोरीत पडलाय."

मला वाटलं, म्हातारा माझ्या थापांवर ताण करतोय. "बसा आबा, च्या घ्या आधी."

आबा बसले नाहीत.

दादाच्या एका गालाची दाढी झाली होती. दुसऱ्यावर साबण तसाच होता. वहिनी तो पदरानं पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. दादाच्या टेबलाखाली त्या सकाळचा, माझ्याच लेथचा ट्रे होता. कळ यायच्या आधी त्यानं त्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'परत बघणे'. कुणी हात लावला नव्हता.

"तू बघतोस का?" सुपरवायझर हळूच म्हणाला.

मी दादाचा मायक्रोमीटर घेतला. पहिला नग तंतोतंत होता. पुढचे सरकत गेले होते.