पहिल्या दोन हाका

मोबाईल कसा वापरावा हे अख्ख्या पृथ्वीवर एकाच माणसाला कळलेलं आहे, आणि आम्ही त्याच्या घरात मुलगी दिली तेव्हा आम्हाला याची सुतराम कल्पना नव्हती. आमचे व्याही जन्मले खाडीकाठच्या एका गावात. आज त्या गावावर नव्या विमानतळाची धावपट्टी पसरली आहे आणि व्याही उलव्याला सातव्या मजल्यावर राहतात. गाव उठलं, पण गावाचे नियम त्यांनी लिफ्टने वर आणले. त्यातला मुख्य नियम असा, की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला तर नाहीच. हाक मारणारा माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा मारतो. खारफुटीतून जे हाक मारतं, त्याला दोनच्या पुढे जाता येत नाही. "आनि खाडीतला हाक मारनारा दिसत नाय, फोनमदला बी दिसत नाय," व्याही मला म्हणाले होते. "मंग तुमीच सांगा, फरक काय?" 

सोयरीक ठरवताना मी नवीन पनवेलहून होकार कळवायला फोन केला. दोनदा नुसता वाजत राहिला. बायको म्हणाली, "विचार बदलला वाटतं त्यांचा." तिसऱ्यांदा उचलला आणि पलीकडून खोल आवाज आला, "बोला. मानूसच हाव ना?" मी माझ्या खोडीला जागून म्हणालो, "सध्या तरी." फोन बंद. पुन्हा पहिल्या रिंगपासून सगळं. त्यांच्या दाराच्या बेललाही हाच कायदा. दूधवाला, गॅसवाला सरावलेत. एकदा बिर्याणी घेऊन आलेला नवा माणूस दोनदा बेल दाबून, कंटाळून परत गेला. आम्ही आत उपाशी बसलो होतो. व्याह्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "बघा. गेला."

हसून हसून माझं पोट दुखलं. पण त्याच दुपारी त्यांनी चुलतभावाची गोष्ट सांगितली. तो ओहोटीला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला गेला होता. कोणीतरी त्याला घरच्या लाडक्या नावाने हाक मारली आणि तो "ओ" म्हणाला. भरतीच्या आधी लोकांना सापडला तेव्हा कमरेइतक्या चिखलात उभा होता, खारफुटीकडे बघून हसत. पुढे खूप जगला. लग्न केलं, पोरं झाली. फक्त अधूनमधून, जेवता जेवता, हातातला घास तसाच ठेवून म्हणायचा, "ओ... आलो." आणि उंबऱ्याकडे बघत बसायचा. भर उन्हातली दुपार होती, तरी मी उठून पंखा बंद केला.

यंदा माझ्या मुलीचं बाळंतपण बंगळूरला आलं. तिचा नवरा, म्हणजे व्याह्यांचा मुलगा, तिथे नोकरीला. तिच्या सासूने आणि आईने आधीच तिथे मुक्काम ठोकला होता. सकाळी जावयाचा फोन आला, की कळा सुरू झाल्यात आणि डॉक्टर जरा काळजीत आहेत. आम्ही दोघे आजोबा त्याच नव्या विमानतळावरून मिळेल त्या विमानात बसलो. हवाई सुंदरीने फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितलं तेव्हा व्याह्यांनी टाळी वाजवली. "ह्यांना ठावं हाय," मला कोपर मारून म्हणाले, "बोलत नाय इतकंच." मी वैतागलेलो होतो. मुलगी तिकडे तळमळत होती आणि मला दीड-दोन तास मुकं-बहिरं करून ठेवणार होते. मी मोठ्याने म्हणालो, "विमानात फोन चालू ठेवायला परवानगी हवीच!" पलीकडच्या सीटवरच्या तरुणाला स्फुरण चढलं. "करेक्ट अंकल! आता तर काही फ्लाइटमध्ये वायफाय पण असतं. नियमच आउटडेटेड आहे." व्याही शांतपणे त्याला म्हणाले, "पोरा, जमिनीवर हाक आली तर कंच्या दिशेनं आली ते तरी कलतं. वर गेल्यावर चारी दिशा खाली. वलखनार कसा?"

विमान धावलं, उचललं गेलं. व्याही खिडकीला नाक लावून गाव शोधत होते. खाली नुसतं सपाट, राखाडी. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला.

त्यांनी तो बाहेर काढला आणि आम्ही तिघांनी पाहिला. वर विमानाचं इवलंसं चिन्ह होतं, म्हणजे फोन येणं शक्यच नव्हतं. नाव नाही, नंबर नाही. पडदा उजळला होता आणि फोन वाजत होता. तरुण पुटपुटला, "अलार्म असेल." त्याचा आवाज मात्र वायफायच्या वेळचा राहिला नव्हता. फोन थांबला. मग पुन्हा वाजू लागला. मी झडप घातली. व्याह्यांनी माझं मनगट धरलं. 

"सोडा! माझी पोर आहे ती तिकडे!"

"माजी बी हाय," ते म्हणाले. "म्हनूनच."

फोन थांबला. आम्ही तिसऱ्यांदा वाजण्याची वाट बघत राहिलो. समोर चहा आला, गार झाला. तिसऱ्यांदा वाजला नाही.

बंगळूरला चाकं टेकल्यावर माझा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला, व्हायचं ते होवो. जावई रडत होता, हसत होता. "मुलगी झाली, बाबा. दोघी बऱ्या आहेत. पण जन्मली तेव्हा रडेचना. श्वासच घेईना. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि एकदम टाहो फोडला. तुमचं विमान नुकतंच उडालं असेल तेव्हा." मी हे व्याह्यांना सांगितलं. वाटलं, आता हा माणूस जन्मभर मला ऐकवणार. ते खिडकीतून धावपट्टीकडे बघत राहिले.

दवाखान्यात नात त्यांच्या मांडीवर दिली. शेवटी मीच डिवचलं, "काय व्याही, जिंकलात की! ओ दिली असती तर घेऊनच गेलं असतं म्हणा."

त्यांनी नातीच्या कपाळावरून बोट फिरवलं. "मी येगलाच इचार करतोय," ते म्हणाले. "माजी आय. गाव उठायच्या आदीच्या साली गेली. तिकडंच जालली, आता धावपट्टी हाय तितं. ती पडवीतनं मना दोनदाच हाक मारायची. तिसरी कदी मारलीच नाय, तिसऱ्याला काठी घेऊनच यायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पनतीचं इचारायला तिनंच फोन केला असंल तर? आनि मी ओ दिली नाय."

  व्याह्यांनी एका हाताने नातीला सावरलं, दुसऱ्याने खिशातला फोन काढला आणि कानाला लावला. तो वाजला नव्हता.

"ओ, आये," ते अगदी हळू म्हणाले. "पोरगी झाली."