गल्लीतल्या कुत्रीच्या नोंदी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या बाईंनी आम्हाला एकेक प्राणी निवडून महिनाभर पाहायला सांगितलं. मुंगी चालेल, कावळा चालेल. अट एकच. "ती रागावली, तिला वाईट वाटलं, असलं लिहायचं नाही. तिनं काय केलं तेवढंच लिहा."

मी आमच्या गल्लीतली तांबूस कुत्री निवडली. तंजावरात तेव्हा घरोघर केबल येत होती. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे आणि मी ओट्यावर, वही घेऊन. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि वही इंग्रजीत. शेपूट खाली, उजवा कान ताठ, इडलीवाल्या बाईच्या दारात बसली, अशी पानंच्या पानं. जवळ आली की ती माझा हात चाटायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी मी लिहिलं: इडली हुंगली, खाल्ली नाही. खालचा जबडा लोंबतोय. लाळ गळते आहे. हाक मारली, वळली नाही. माती चावते आहे.

लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि कुत्री पिसाळली आहे हे माझ्या लक्षात आलं. इडलीवाली तिला हाकलायला झाडू घेऊन बाहेर येत होती. मी तमिळमध्ये किंचाळले, "अक्का, आत जा! दार लाव!" तिनं दार लावून घेतलं. कुत्री झाडूकडे न बघता, झोकांड्या खात कालव्याच्या बाजूला निघून गेली.

मग मला माझा अंगठा दिसला. परवा नारळ खवताना विळीवर कापला होता, आणि त्याच संध्याकाळी तिनं तो चाटला होता.

"चावली नाही ना?" आई पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"चाटली. जखमेवर."

अप्पांनी साबणानं अंगठा धुवायला लावला आणि सायकलवर मागे बसवून मला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पोटात चौदा इंजेक्शनं. एकही चुकवायचं नाही." बेंबीभोवती रोज नवी गाठ यायची. तिसऱ्या दिवशी कुत्री कालव्याकाठी मेलेली सापडली.

इंजेक्शनं संपली, भीती संपली नाही. या रोगात पाणी गिळता येत नाही, हे मी वाचलं होतं. रोज उठल्यावर मी पितळी पेल्यातून एक घोट घ्यायची आणि घशाकडे लक्ष ठेवायची. घोट खाली गेला की तेवढा दिवस माझा. कुणाला सांगितलं नव्हतं.

पोंगलच्या सुमारास एकदा पेला खाली ठेवला तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी. तिच्या हातातला कणकीचा गोळा तसाच होता.

"गेलं ना खाली?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. तेव्हा कळलं, इतके महिने ती रोज तिथे उभी असायची. आम्ही दोघी खाली बसलो आणि खूप रडलो.