काचलंय म्हणत म्हणत

आठवीला बुरशीचा धडा आला की मी पावाचा एक तुकडा ओला करून डब्यात घालायचे आणि डबा वर्गाच्या कपाटात ठेवायचे. चार-पाच दिवसांनी झाकण उघडलं की पहिल्या बाकावरच्या मुली नाक दाबून किंचाळायच्या आणि मागच्या बाकावरचे बाक सोडून पुढे धावत यायचे. "ओल, ऊब आणि अंधार मिळाला की बुरशी कुठेही वाढते," हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्यातली शेवटची दोन वर्षं ती माझ्या कमरेवर वाढत होती आणि मी तिला "काचलंय" म्हणत होते.

परकराची नाडी घट्ट आवळायची सवय मला आईकडून आली. शाळेत दिवसभर उभं राहायचं, जिने चढायचे, फळ्यावर वरपर्यंत हात न्यायचा. साडी ढळलेली मला चालायची नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात नाडीखाली घामाची धार लागायची, लाल वळ उठायचे, खाज सुटायची. साडी नेसणाऱ्या बाईला यात नवं काही नाही. काचतं, थोडं खोबरेल लावायचं आणि विसरायचं. त्यामुळे त्या वर्षी नाडीच्या गाठीखाली एक गोल चट्टा उठला तेव्हा त्याच्यासाठी शब्द तयारच होता.

दुसरा शब्दही मला येत होता. नायटा. पण नायटा म्हणजे अस्वच्छ माणसाला होणारं काहीतरी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी दोन वेळा अंघोळ करणारी बाई. मला कसला नायटा होतोय? शिवाय जागा अशी की डॉक्टरपुढे परकर सैल करायच्या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. मग काचलंय हेच बरं.

इंदिरानगरला आमच्या घराजवळच्या मेडिकलवर मी "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं आणि त्यांनी दिली. दोन दिवसांत खाज गायब. मला इतका आनंद झाला की मी खोक्याचं झाकण फाडून पर्समध्ये जपून ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी नाव सांगायचा त्रास नको. पुढची वेळ महिन्याभरात आली. मग पंधरा दिवसांत. पुढे पुढे तो फाटका तुकडा दाखवला की काउंटरवरून मुकाट्याने ट्यूब पुढे यायची.

फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी तिची जागा ठरली. डास चावला, ट्यूब. घामोळं आलं, ट्यूब. आमच्या ह्यांनी दाढी करताना कापून घेतलं तरी ट्यूब. हे तिला "आपली कामधेनू" म्हणायचे. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की आत तीन औषधं आहेत, एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टिरॉइड. जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असं ओरडत आलेल्या मी ती ट्यूब एकदाही वाचली नव्हती.

चट्टा मात्र वाढत होता. कमरेवरून तो मांड्यांवर उतरला. कडा पुसट झाल्या, मधली कातडी पातळ आणि चकचकीत दिसायला लागली, तिच्यावर पांढरट रेघा उमटल्या. मी आरशाकडे पाठ करून साडी नेसायला शिकले.

त्याच सुमाराला माझी लेक बाळंतपणाला आली. तिचं घर देवळाली कॅम्पला, लष्करी क्वार्टर्समध्ये. जावईबापूंची नेमणूक तेव्हा लांब सीमेवर, म्हणून ती आठव्या महिन्यातच माझ्याकडे आली. आल्या आल्या तिने पिशवी टाकली आणि म्हणाली, "आई, बाळाला अंघोळ तूच घालायचीस हं. पायावर घेऊन. बाई नको लावायला."

मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. तिला माझ्या आईने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, साडी मांड्यांपर्यंत खोचून पाय लांब करायचे आणि तेल लावलेलं बाळ त्या दोन पायांच्या खोबणीत पालथं घालायचं. तेव्हा मला ते जमायचं नाही, हात थरथरायचे. आई हसून म्हणायची, "तुझ्या नातवंडापर्यंत शिकशील." मी त्या अंघोळीची वाट बघत होते असं म्हटलं तर थोडंच होईल. तीस वर्षं बघत होते.

पण अंघोळ उघड्या पायांवर घालायची असते, आणि माझ्या मांड्या कुणाला दाखवण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. दीड महिना हातात आहे, दोन ट्यूब एकदम आणू आणि सकाळ-संध्याकाळ थापू, असा मी हिशोबी विचार केला आणि पर्स घेऊन मेडिकल गाठलं.

काउंटरवर नवीन फार्मासिस्ट होती. तिशीची, डोक्यावरून ओढणी, चष्मा. मी खोक्याचा तुकडा पुढे केला. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"काकू, डॉक्टरांची चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी? मी नेहमी नेते. नाडी काचते माझी, एवढंच."

"किती दिवस झाले?"

"झाली असतील दोन वर्षं."

तिने तुकडा परत माझ्या हातात दिला. "दोन वर्षं कुणाला काचतं का, काकू? मी नाही देणार ही. यात स्टिरॉइड आहे. आम्ही मालेगावचे. माझे अब्बा लूमवर काम करायचे, दिवसभर घामात. त्यांनी तीन वर्षं असलीच ट्यूब चोळली. शेवटी मांडीची कातडी इतकी नाजूक झाली की नखाने फाटायची. तुम्ही स्किनच्या डॉक्टरांना दाखवा."

मागे दोन माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मांडीचा विषय निघालेला पाहून माझं डोकंच फिरलं. "मी विज्ञान शिकवलंय आयुष्यभर. तू मला शिकवू नकोस," असं म्हणून मी तरातरा बाहेर पडले. पुढच्या चौकातल्या दुकानात कुणी काही विचारलं नाही. दोन ट्यूब मिळाल्या. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या पोरीचा उद्धार करत होते.

ट्यूब फ्रिजच्या दारात ठेवत होते तेवढ्यात लेक स्वयंपाकघरात आली. गाऊन थोडा वर करून पोटाखालची जागा दाखवत म्हणाली, "आई, मला पण इथे काचलंय बघ. तुझी ट्यूब लावू का जरा?"

रुपयाएवढा गोल चट्टा. कड लाल, किंचित उंच, मधे साफ. माझ्या पुस्तकातल्या चित्रासारखा.

ती गेला महिनाभर सैल गाऊनमध्ये होती. नाडी नव्हती, इलॅस्टिक नव्हतं. काचायला होतं काय? मग आठवलं की त्याच्या थोडं आधी दोन दिवस राहायला आली होती तेव्हा कपडे कमी पडले म्हणून तिने माझा परकर वापरला होता. टॉवेलही माझाच.

तिने ट्यूबचं टोपण उघडलं होतं. मी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की ती दचकली. "थांब," मी म्हणाले. "ते काचलेलं नाही. मी तुला माझा नायटा दिलाय."

दोन वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. मग मला रडू कोसळलं. आठव्या महिन्यातली पोर माझी समजूत काढत बसली.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून घराजवळच्या त्याच मेडिकलवर गेले आणि त्या फार्मासिस्ट मुलीला लेकीचंही सांगितलं. तिने टोमणा मारला नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहिला आणि म्हणाली, "दोघी जा. आणि वापरलेल्या ट्यूब सगळ्या घेऊन जा, लपवू नका."

डॉक्टरबाईंनी पडदा ओढला, बघितलं, आणि माझ्यावर ओरडल्या नाहीत. ज्याची मी दोन वर्षं धास्ती घेतली होती ते तीन मिनिटांत उरकलं. त्यांनी पात्याच्या बोथट बाजूने चट्ट्याची कड खरवडली, भुकटी काचपट्टीवर घेतली, वर एक थेंब टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकात डोकावून त्या म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना? या, बघा."

मी डोळा लावला. फांद्या फुटलेले लांब तंतू. फळ्यावर मी दरवर्षी काढायचे तेच, पण हे माझे स्वतःचे. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

"मग हे स्टिरॉइड विषच म्हणायचं की," मी म्हणाले.

"त्याला शिव्या देऊ नका," त्या म्हणाल्या. "इसब असेल तर मी स्वतः लिहून देते. पण किती, कुठे आणि किती दिवस ते ठरवून. बोटाच्या पहिल्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्यावर, मांडीच्या सांध्यात विचारल्याशिवाय लावायचं नाही. बुरशीवर ते लावलं की अंगाचं भांडणं थांबतं, म्हणून खाज थांबते. बुरशी मात्र तिथेच बसून जेवत राहते."

मला त्यांनी बुरशीच्या गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम दिलं. लेकीला नुसतं मलम, पोटुशी बाईला चालणारं. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं. दिसेनासं झालं तरी त्या सांगतील तोपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, परकर गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटा वाळवायचा, अंग कोरडं झाल्याशिवाय कपडा नाही. ह्यांनाही तपासायला बोलावलं. "मला काहीच नाही," म्हणत गेलेले आमचे हे पायाच्या बोटांच्या बेचक्यांसाठी मलम घेऊन परत आले.

"आणि बाळाची अंघोळ?" मी विचारलं.

"मी हो म्हणेपर्यंत तुमच्या पायांवर नाही."

स्टिरॉइड सुटल्यावर खाज आधी वाढेल, हेही त्यांनी सांगितलं होतं. वाढली. दहा दिवस अंगाची नुसती आग. मी ओला पंचा कमरेला गुंडाळून घरभर फिरायचे आणि ज्याच्यात्याच्यावर करवादायचे. फ्रिजचं दार उघडलं की नजर लिंबांकडे जायची. शेवटी ह्यांनी नव्याजुन्या सगळ्या ट्यूब कापून, रिकाम्या करून कचऱ्यात टाकल्या आणि हात जोडून म्हणाले, "गेली बिचारी कामधेनू." त्या दहा दिवसांत मी हसले ते तेवढंच.

लेकीचा चट्टा नवा आणि कोवळा. बाळंतपणाआधीच गेला. माझा जुना, हट्टी, माझ्याच वळणाचा. नात झाली तेव्हा मांडीवर अजून दोन डाग होते. मग पेठ तालुक्यातल्या एक मावशी अंघोळीला यायला लागल्या. माझ्या बाथरूममध्ये, माझ्या पाटावर त्या पाय पसरून बसायच्या आणि मी दारात गरम पाण्याची बादली धरून उभी.

"आजी, तुमी पाणी द्या नुसतं," त्या म्हणायच्या. "पोरगी लय गुणाची हाय."

मी पाणी द्यायचे. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण त्या बाळाला वळवताना मानेखाली हात कसा देतात, नाकावरून पाणी कसं चुकवतात, हे मी रोज बघत होते. माझ्या आईनंतर मला हे शिकवलं ते त्या मावशींनी.

नात दीड महिन्याची झाली त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी पुन्हा खरवडून बघितलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ. आता अंघोळ घाला." पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतील म्हणाल्या. राहू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसले. मावशी शेजारी, लेक दारात. तेलाने निसटणारा तो जीव माझ्या पायांवर पालथा आला आणि पहिल्या तांब्यालाच त्याने माझ्या पायांवर धार सोडली. मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. माझे हात थरथरले नाहीत. उजव्या मांडीवरच्या रेघांवर तिचं पोट टेकलं होतं आणि ते गरम होतं. आईची फार आठवण आली.

पुसताना लेकीला बाळाच्या गळ्याच्या घडीत लाली दिसली. "झबल्याचा बंद काचला वाटतं," ती म्हणाली आणि जीभ चावली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींनी मिळून तिला टोपडं घातलं आणि बाळाच्या डॉक्टरांकडे गेलो. घडीत दूध साचलं होतं. पुसून कोरडं ठेवा, काही लावू नका, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

येताना मेडिकल लागलं. ती फार्मासिस्ट काउंटरवरच होती. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या माणसांसमोर तिने मला 'नाही' म्हटलं नसतं, तर लेकीचं मनगट मी धरलं नसतं, उलट टोपण उघडून दिलं असतं. मी कितीतरी दिवस हे तिला सांगायचं ठरवत होते.

माझी पर्स बघून तिने सवयीने विचारलं, "काकू, काय देऊ?"

"काही नको," मी म्हणाले आणि पदर बाजूला केला. "नात दाखवायला आलेय."